पिशवीचे पेढे

प्रतिमाची पिशवी काढली तेव्हा घरात पेढे वाटले होते. हसू नका, खरंच वाटले होते. पिशवी म्हणजे गर्भाशय. पण तो शब्द पुस्तकात शोभतो, बायकांच्या तोंडी आपली पिशवीच. प्रतिमा तेव्हा तिशी ओलांडून थोडी पुढे गेलेली, तिचा मुलगा अपूर्व शाळेत खालच्या वर्गात, आणि अंगावरून पांढरं जातं म्हणून ती एका नर्सिंग होममध्ये दाखवायला गेली होती. तिथल्या मोठ्या मॅडमनी तपासलं, हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "बच्चेदानी के मुँह पर छाले हैं. एकदम लाल है. आगे चलके कैंसर बनेगा, निकलवा लो." दोन जुड्या मेथीसाठी भाजीवाल्याचा जीव खाणारे गुणवंतराव, तिचा नवरा, कॅन्सर शब्द कानावर पडताच मुकाट्यानं सही करून मोकळे झाले.

काढलेली पिशवी तपासायला पाठवली आणि काही दिवसांनी उत्तर आलं, काही निघालं नाही. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी देवापुढे साखर ठेवली, पेढे मागवले आणि साऱ्या गल्लीत सांगितलं की सून वाचली. त्या आनंदात दुसरा कसला विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. प्रतिमाच्याही आला नाही. तिनं तर पडल्यापडल्या एक पेढा खाल्ला होता.

आता या घराची एक तऱ्हा सांगायला हवी. भोसल्यांच्या चाकरीत यांचे पूर्वज जबलपूरला आले आणि इथलेच झाले. मराठी अर्धी हिंदीत विरघळली, मुलांना तर ती ऐकली की कळते आणि बोलायची म्हटली की फेफे उडते. पण भाद्रपदातल्या महालक्ष्म्या काही सुटल्या नाहीत. तीन दिवस देवी घरात बसणार, सोळा भाज्या, पुरण, आंबील, आणि सोवळं असं कडक की पाळी आलेल्या बाईनं स्वयंपाकघराचा किंवा देवीच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून घरातल्या बायका श्रावण सरता सरता पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या. डोकं दुखायचं, मळमळायचं, आणि एवढं करून एखादीची नेमकी पुरणाच्या दिवशीच यायची.

पिशवी गेली आणि प्रतिमा या सगळ्यातून सुटली. सासूबाई म्हणाल्या, देवीनंच तिला मोकळी केली. तेव्हापासून महालक्ष्मीचं स्वयंपाकघर तिच्या हातात आलं आणि सासूबाई गेल्यावर तर ती घराची कारभारीणच झाली. गल्लीतल्या बायका हळूच विचारायच्या, "ताई, मलाही पांढरं जाऊन राहिलं, काय करू?" ती सांगायची, "दाखवून ये. घाबरतेस काहून? मला बघ, कशी ठणठणीत आहे."

ठणठणीत कसली! दिवसातून कितीदा तरी तिच्या छातीतून वाफ उसळायची आणि घामानं ब्लाउज भिजायचा. अशा वेळी ती काहीतरी काम काढून मागच्या अंगणात जायची आणि पदरानं वारा घ्यायची. गुडघे कुरकुरायचे. एकदा नळापाशी नुसता पाय सरकला तर मनगट मोडलं. आणि अपूर्वच्या पाठीवर एक मुलगी हवी होती, ते तर तिनं नवऱ्यालाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. धाकट्या जावेला चिन्मयी झाली तेव्हा तिनं त्या पोरीला अंघोळी घातल्या, वेण्या घातल्या आणि ती इच्छा त्यातच जिरवली. कॅन्सरपेक्षा हे परवडलं, असं ती स्वतःला सांगायची. एवढं एक वाक्य होतं म्हणून सगळं निभावलं.

धाकटी जाऊ विनता. तिलाही यंदा उन्हाळ्यापासून अंगावरून जाऊ लागलं आणि प्रतिमा तिला घेऊन त्याच मोठ्या मॅडमकडे गेली. त्याच खुर्चीत बसून त्याच मॅडमनी सांगितलं, "छाले हैं, लाल है." वर आणखी, पिशवी उलटी आहे. विनताचं तोंड एवढंसं झालं. तारीख प्रतिमानंच ठरवली, महालक्ष्म्यांच्या आधीची. म्हणजे दोघी जावा मोकळ्या होतील आणि गोळ्यांची कटकट कायमची संपेल.

विनता रात्रंदिवस गप्प असायची. तिला आणखी एक मूल हवं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणी विषय काढत नव्हतं.

तिचा नवरा यशोधन सरकारी नोकरीत. ऑपरेशनचं बिल मंजूर व्हायला दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागेल असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. म्हणून नेपियर टाउनमध्ये, एका कोचिंग क्लासच्या वर नवा दवाखाना काढलेल्या डॉक्टर यशश्रींकडे दोघी जावा गेल्या. नुसत्या सहीपुरतं काम होतं. प्रतिमानं तर येताना भाजीची पिशवीही बरोबर घेतली होती.

डॉक्टर तिशीच्या आसपासची, नागपूरला शिकलेली. मराठी ऐकून खूश झाली. विनताला पडद्यामागे नेलं, प्रतिमा अलीकडे स्टुलावर बसली. आतून प्रश्न ऐकू येत होते. वास येतो का, खाज सुटते का, संबंधानंतर रक्त जातं का, पाळी वेळेवर येते का. विनता प्रत्येक वेळी हळू आवाजात उत्तर देत होती आणि सगळी उत्तरं चांगली होती.

"मग ऑपरेशन कशासाठी करताय?" डॉक्टरनं विचारलं.

पडद्याच्या अलीकडून प्रतिमाच बोलली. "छाले आहेत ना तिला. लाल आहे आतून."

डॉक्टरनं तपासणं चालू ठेवलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली, हात धुतले, पुसले आणि प्रतिमासमोर खुर्ची ओढून बसली. "काकू, इकडे बघा," ती म्हणाली आणि तिनं बोटानं स्वतःचा खालचा ओठ बाहेर वळवून दाखवला. मग सोडला. "आतली बाजू लाल दिसली ना? ती जखम आहे का?"

"नाही."

"ओठ बाहेरून वेगळा, आतून वेगळा. पिशवीच्या तोंडाचंही तसंच आहे. आतलं नाजूक अस्तर काही बायकांमध्ये थोडं बाहेर वळलेलं असतं. ते लाल दिसतं, त्यातून थोडं पाणी जातं. या वयात कितीतरी निरोगी बायकांना असतं. त्याला छाले, फोड म्हणत नाहीत, आणि तिथून कॅन्सर होत नाही."

"आणि उलटी पिशवी?"

"मागे झुकलेली आहे, एवढंच. चार-पाच बायकांत एकीची तशी असते. मूल व्हायलाही त्याची काही आडकाठी नसते. कुणाचं नाक बसकं, कुणाचं धारदार, तसं समजा. आतून सगळ्या बायका एका साच्यातून काढलेल्या नसतात, काकू." तिनं सहीसाठी आणलेला कागद प्रतिमाकडे परत सरकवला. "मी एक नमुना घेतलाय, तो तपासायला जाईल. तो दर काही वर्षांनी सगळ्यांनीच द्यायचा असतो. पण मला आत जे दिसलं ते नॉर्मल आहे. या ऑपरेशनला मी हो म्हणणार नाही."

पडद्यामागे विनता साडी नेसत होती. बांगड्यांचा आवाज एकदम थांबला. प्रतिमाला वाटलं, आता ही रडणार.

"एक विचारू?" तिनं आवाज खाली आणला. "समजा, फार वर्षांमागे एखादीला असंच सांगितलं. लाल आहे, छाले आहेत. तिलाही फक्त पांढरंच जात होतं, बाकी त्रास काही नव्हता. आणि काढल्यावर तपासलं तर काही निघालं नाही."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं. ती पोरगी हुशार होती, तिला समजायचं ते समजलं. "मी तपासलेलं नाही, काकू. न पाहता मी कसं सांगू?" मग तिनं विचारलं, "दोन्ही बाजूंच्या अंडाशयांचं काय केलं होतं? तीही काढली?"

"सगळंच काढून टाकलं, म्हणाल्या होत्या."

"इतक्या लवकर ती काढली तर पाळी जायच्या वयातले त्रास तेव्हापासूनच सुरू होतात. गरम वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात. तुम्हाला असं काही होतं?"

"छे," प्रतिमा म्हणाली. "मी ठणठणीत आहे." इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपसूक तेच निघालं.

परत येताना ऑटोत विनता आधी रडली, मग हसली, मग नाक पुसून म्हणाली, "ताई, मला तर वाटत होतं मी मरून राहिले." प्रतिमानं तिच्या पाठीवर हात फिरवला. सिविल लाइंसच्या मोठमोठ्या झाडांखालून ऑटो जात होती, आणि मध्येच विनतानं तिच्याकडे वळून पाहिलं. तिच्या डोक्यात काय आलं ते प्रतिमाला न सांगता कळलं.

"ताई, तुमचं वेगळं असेल," विनता म्हणाली.

"वेगळंच होतं. माझं फार पुढे गेलं होतं."

खोटं, पण दुसरं काय बोलणार? एकीचा जीव भांड्यात पडला होता, तो पुन्हा टांगणीला कशाला लावायचा!

घरी यशोधन वाट बघत होता. सगळं ऐकून तो चक्रावला. "वहिनी, म्हणजे आता कोणाचं खरं मानायचं? मोठ्या मॅडमनी तुम्हाला वाचवलं ना?" त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, तो आपला साधेपणानं विचारत होता. सगळे तिच्याच तोंडाकडे बघत राहिले.

"हिचं ठीक आहे," प्रतिमा म्हणाली. "तारीख रद्द करा." आणि भाजीची पिशवी, रिकामीच, खुंटीला टांगून ती आत गेली.

दुपारी घर झोपलं तेव्हा ती बेसिनच्या आरशासमोर उभी राहिली आणि तिनं बोटानं खालचा ओठ बाहेर वळवला. लाल. ओला, लाल आणि धडधाकट. ती कितीतरी वेळ बघत राहिली. काही निघालं नाही म्हणून पेढे खाल्ले होते. अगं बाई, काही नव्हतंच, तर निघणार कुठून! एवढी साधी गोष्ट, आणि घरातल्या इतक्या माणसांपैकी कुणाला सुचू नये? मास्तरीण म्हणवणाऱ्या सासूबाईंना नाही, हिशेबात बाप असलेल्या नवऱ्याला नाही, आणि तिलाही नाही.

"काय करून राहिली तू?" मागून गुणवंतराव आले.

"दात दुखून राहिला." तिनं ओठ सोडला. "अहो, ते पेढे कुठून आणले होते?"

"कोणते पेढे?"

"माझ्या ऑपरेशनचे."

"अरे! ते आता कुठं आठवायचं? काहून?"

"काही नाही," ती म्हणाली. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि त्याचा तिला इतका राग आला की संध्याकाळी तिनं त्यांच्या चहात साखरच घातली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. विनताचा नमुना चांगला आला. विनता चिन्मयीला घेऊन बाजारात जायला लागली, गुणगुणायला लागली. प्रतिमाला तिचं बरंही वाटायचं आणि तिच्याकडे बघवायचंही नाही. तिला गल्लीतल्या बायका आठवायच्या. कोण कोण विचारायला आली होती, कुणाकुणाला आपण जा म्हणालो होतो. दोघी-तिघींच्या पिशव्या निघाल्याचं तिला ठाऊक होतं. त्यांच्याही तपासणीत काही निघालं नव्हतं. त्यांची दारं ओलांडून जाताना ती मान खाली घालायची.

महालक्ष्म्या आल्या. "यंदा गोळी घेऊ नकोस," तिनं विनताला आधीच सांगितलं होतं. आणि व्हायचं तेच झालं. पुरणाच्या दिवशी सकाळी विनता न्हाणीघरातून बाहेर येऊन दारातच उभी राहिली. "ताई, आली."

प्रतिमाच्या हातात पुरणाची वाटी होती. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत ती एका दवाखान्यानं मोडणार नव्हती. "व्हरांड्यात बस," ती म्हणाली. "आत येऊ नको." विनता निमूटपणे बाहेर खुर्ची टाकून बसली, चेहऱ्यावर थोडी लाज आणि पुष्कळसं समाधान. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्रतिमाला दुसऱ्या बाईच्या अडचणीचा हेवा वाटला. असा कडकडीत हेवा, की पुरण ढवळताना तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते चुलीच्या नावावर खपवले.

संध्याकाळी हळदीकुंकू. देव्या नटून उभ्या होत्या, दोन्ही बाजूंना समया तेवत होत्या आणि समया विझू नयेत म्हणून पंखा बंद होता. प्रतिमा जरीची साडी, नथ, कपाळभर कुंकू अशी दारात उभी राहून बायकांचं स्वागत करत होती. पलीकडच्या घरातल्या राधाबाई आल्या, मागे त्यांची सून मोना. मोनाचं वय काय, दोन पोरांची आई असली तरी पोरसवदाच. चेहरा उतरलेला.

"हिचंही तेच निघालं बघा," राधाबाई बसता बसता म्हणाल्या. "छाले. मंगळवारी भरती करून राहिलो. रडून रडून जीव खाल्लाय. मी म्हटलं, आपल्या प्रतिमाताईंना बघ, अंगाला एक आजार नाही. तेव्हा पेढे वाटले होते, मी स्वतः खाल्लेत."

बायका हसल्या. प्रतिमाच्या हातातला कुंकवाचा करंडा मोनाच्या कपाळापाशी थांबला.

"राधाबाई, आधी दुसरीकडे दाखवा. नेपियर टाउनला एक डॉक्टर आहे. विनताचं तिनंच थांबवलं."

"अच्छा? पण तुमचं तर काढलं ना? आणि काढलं म्हणून तर वाचलात."

तयार उत्तर जिभेवर होतंच. "माझं वेगळं होतं," प्रतिमा म्हणाली. "फार पुढे गेलं होतं."

"तेच तर सांगून राहिले!" राधाबाईंनी मांडीवर हात मारला. "मॅडम म्हणाल्या, मोनाचंही फार पुढे गेलंय."

मोनानं वर पाहिलं. ती राधाबाईंकडे बघत नव्हती, ती प्रतिमाकडे बघत होती, नथीपासून जरीच्या काठापर्यंत. प्रतिमाला कळलं की ही पोर मॅडमच्या शब्दावर नाही, आपल्याकडे बघून ऑपरेशनच्या टेबलावर चढणार आहे. जावेला फुलासारखं जपण्यासाठी बोललेलं खोटं आता दुसरीच्या गळ्याला लागलं होतं. उघड्या दारातून व्हरांड्यात बसलेली विनता दिसत होती. तिनं मान वर केली होती, तीही ऐकत होती.

प्रतिमानं करंडा खाली ठेवला. नथ बाजूला केली, आणि देवीसमोर, भरल्या बायकांत, बोटानं स्वतःचा खालचा ओठ बाहेर वळवला. जबलपूरच्या इतक्या हळदीकुंकवांत असलं कुणी काही पाहिलं नसेल. एका बाईनं तोंडाला पदर लावला.

"लाल दिसलं ना?" ओठ सोडून ती मोनाला म्हणाली. "ही जखम आहे का?"

मोनानं मान हलवली. नाही.

"माझंही एवढंच होतं. एवढ्यासाठी काढलं. काही निघालं नाही म्हणून तुम्ही आम्ही पेढे खाल्ले, राधाबाई. काही नव्हतंच. माझं चांगलं होतं, तेच काढलं."

राधाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मोनाचं बोट नकळत स्वतःच्या ओठाकडे गेलं होतं.

"तू मंगळवारी जायचं नाही," प्रतिमा म्हणाली. "त्या डॉक्टर पोरीकडे जायचं. मी येते संगं."

आणि तेवढ्यात छातीतून वाफ उसळली. नेहमीचीच. मान तापली, कपाळावरचं कुंकू घामात ओघळायला लागलं, जरीची साडी अंगाला चिकटली. सवयीनं पाय मागच्या अंगणाकडे वळले होते. मग ती तिथंच पाटावर बसली, सगळ्यांसमोर, आणि पदरानं वारा घ्यायला लागली.

"काय होतंय, ताई?" कुणीतरी विचारलं.

"असंच होतं मला. काढल्यापासून होतं. रोज." तिचा आवाज आता चिरकला होता. "कुणीतरी पंखा लावा."

"समया विझतील ना," राधाबाई हळूच म्हणाल्या.

"विझू द्या."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, एकही उठली नाही. व्हरांड्यातली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विनता उंबरा ओलांडून आत आली, देवीसमोरून सरळ भिंतीपाशी गेली आणि तिनं पंख्याचं बटण दाबलं.